खडखडणारं झाकण

"उकळी आली की आच मंद करायची, बाबा. मग तासभर हळूहळू शिजू द्यायचं. जमेल?" लेकीने फोनवर पुन्हा विचारलं.

"अगं, सगळी हयात कारखान्याचा बॉयलर सांभाळण्यात गेली. मला उकळी शिकवतेस?"

"दुपारी येतेय. सूप धड झालं तर राहा एकटे. नाहीतर सामान बांधायचं आणि मुकाट्याने माझ्याकडे यायचं. ठरलं?"

"ठरलं!"

बॉयलरवाल्या बाबांना घर सोडायचं नव्हतं. त्यांनी मटण, बटाटे, गाजरं पातेल्यात टाकली. उकळी आली तशी आच मंद केली आणि खुर्ची ओढून समोर बसले. पाणी नुसतं थरथरत होतं. मधूनच एखादा बुडबुडा वर येई, तोही नाइलाज झाल्यासारखा. त्यांच्या मते हे शिजणं नव्हतं, कामचुकारपणा होता. कारखान्यात अशी मरतुकडी वाफ दिसली असती तर साहेबांनी त्यांना सोलून काढलं असतं.

त्यांनी गॅस मोठा केला. पाणी खदखदू लागलं, झाकण खडखड नाचू लागलं. कारखान्यात याच गोंगाटात ते डुलक्या काढत आले होते. घरी आल्यावर बायकोची अखंड बडबड असे. ती गेल्यापासून घर गप्प होतं आणि त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. आता मात्र मान खाली गेली ती गेलीच.

जाग आली तेव्हा स्वतःजवळच्या किल्लीने आत आलेली लेक पातेल्यात पाणी ओतत होती.

"कधी आलीस?"

"झाला की तास."

"मग आच कमी नाही का करायची?"

"केली होती. झाकण थांबलं की तुम्ही चुळबुळ करायला लागायचात. मग केली परत मोठी."

सूप वाढलं. बटाटे नावालाही उरले नव्हते. मटणाचा दोरखंड झाला होता. लेकीने एक घास चावून पाहिला आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"गॅस चालू ठेवून झोपतं का कुणी? काही झालं असतं म्हणजे? आणि म्हणे एकटा राहीन! हे चावून दाखवा बघू... बाबा? ऐकताय ना?"

हातात चमचा धरून बाबा पेंगत होते. ती थांबताच त्यांनी डोळे उघडले.

"तू घरी रोज अशीच बोलतेस?"

"सकाळपासून रात्रीपर्यंत! विचारा तुमच्या जावयाला."

बॉयलरवाल्यांनी चमचा खाली ठेवला.

"बॅग माळ्यावर आहे," ते म्हणाले. "काढ. पण बोलत बोलत काढ."