फॉइलवरचे शाप

आमचे शेजारी लॉरेन्सकाका लोकांना शाप देतात. तोंडी नाही, लेखी. स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या तुकड्यावर बॉलपेनने कोरायचं, आत मासेमारीच्या गळाला लावतात तो शिशाचा गोळा ठेवायचा, सुरळी करायची आणि गच्चीवरच्या स्विमिंग पूलमध्ये सोडायची.

काका मूळचे वसईचे. शारजात, अल मजाजला एकटेच राहतात आणि एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये काम करतात. बायको रोझी दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर मुलीने त्यांना इंग्लंडला नेऊन बाथ नावाचं जुनं शहर दाखवलं. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडावर अंघोळीला आलेल्या लोकांचे कपडे रोमन काळात चोरीला जायचे म्हणे. मग ज्याचा कपडा गेला तो शिशाच्या पत्र्यावर चोराला शाप लिहायचा आणि कुंडातल्या देवीकडे पाण्यातून पाठवायचा. लोक तिकडून चॉकलेटं आणतात, काका हे घेऊन आले.

"काका, तुम्ही चर्चमध्ये जाता ना?" मी एकदा विचारलं.

"जातो तर! पण फादर बोलतात, क्षमा कर. क्षमा करून चप्पल परत येते काय? रोमन काम पक्कं."

हरवलेली चप्पल त्यांच्याच खुर्चीखाली सापडली होती, पण श्रेय रोमनांना गेलं.

मला काकांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? शुक्रवारी दुपारी पूलवर एकटा माणूस दोन खुर्च्या अडवणार, दोन्हींवर टॉवेल पसरणार. त्यात ते फॉइल. माझी मुलगी पाण्यात उतरेना. "आई, द पूल इज हॉन्टेड. समथिंग शाइन्स डाउन देअर," म्हणायची. तिचं ऐकून मजल्यावरची सगळी पोरं घाबरली. मी मॅनेजरकडे लेखी तक्रार करायचं ठरवलं.

पुराव्याची सोयही झाली. पुढच्या शुक्रवारी पूल साफ करणाऱ्या माणसाने जाळीतली एक सुरळी माझ्या हातावर ठेवली. "मॅडम, ये लो आपका भूत." मी ती तिथेच उलगडली.

"हिरवा टॉवेल. कोपऱ्यात लाल दोऱ्याने आर. नेणारा बाई असो की पुरुष, रेसिडेन्स व्हिसावाला असो की व्हिजिटवाला, टॉवेल परत आणेपर्यंत त्याला झोप लागू नये. दुपारची. रात्रीची लागू दे, सकाळी ड्यूटी असते."

मी खो खो हसले. मग एकदम थांबले. आमच्या कपाटात एक हिरवा टॉवेल होता. महिन्यापूर्वी खुर्चीवरून मीच आपला समजून उचलला होता आणि आणल्या आणल्या वासाचं लिक्विड घालून मशीनला लावला होता. कोपरा काही मी पाहिला नव्हता.

घरी जाऊन पाहिला. लाल आर होता.

टॉवेल घेऊन परत गच्चीवर गेले, तर काका नेहमीच्या जागी बसले होते. दुसऱ्या खुर्चीवर टॉवेल नव्हता; महिनाभर नसणार, माझ्या लक्षात आज आलं. मी हिरवा टॉवेल पुढे केला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. काकांनी टॉवेल दोन्ही हातांनी नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"धुतलास?"

"हो काका."

"रोझीच्या खोबरेलाचा वास होता यात," ते म्हणाले. "खलास."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका उठले आणि त्यांनी टॉवेल दुसऱ्या खुर्चीवर नीट पसरला.

"पंचावन्नाव्या वर्षी इथेच पोहायला शिकली ती. कोण नसताना त्या कोपऱ्यात पाणी हलतं, मी बघितलंय. भायर आली तर थंडी नाय वाजणार तिला?"

मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खिशातून फॉइल काढलं.

"रडू नको, बाय. तुला काय ठाऊक! थांब, तुझी झोप परत मागायला पायजे." गुडघ्यावर फॉइल ठेवून त्यांनी दोन ओळी लिहिल्या, शिसं घातलं आणि सुरळी पाण्यात सोडली. "झालं. जा, आराम कर. रोमन काम पक्कं."

मी घरी येऊन पडदे ओढले आणि आडवी झाले. शाप रीतसर मागे घेतला होता, तरी त्या दुपारी मला झोप लागली नाही.