न झिजलेली सुई

शिवाजी पेठेतील भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक दत्तोपंत यांच्याकडे जाझ संगीताच्या त्र्याऐंशी रेकॉर्ड होत्या. त्या वाजवण्याचे यंत्रही होते. यंत्राची सुई चार वर्षांत एका मायक्रॉननेही झिजली नव्हती.

रेकॉर्ड ऑनलाइन लिलावांतून आल्या होत्या. या व्यवहारात सर्वोच्च प्रत म्हणजे 'अखंडित', अर्थात कारखान्यातून निघाल्यापासून जिचे वेष्टन कुणी उघडलेले नाही अशी. वाजवलेली रेकॉर्ड दुय्यम ठरते. आवडीने वाजवलेली, भंगार. दत्तोपंत केवळ अखंडित रेकॉर्डवर बोली लावत. प्रत्येकीसोबत दुर्मीळ जाझ संग्राहक मंडळाचे प्रमाणपत्र येई : 'ध्वनी निर्दोष. न ऐकता तपासले.'

यंत्र बनवले होते पेठेतल्याच भाऊसो लेथवाल्यांनी. दर रविवारी ते सुई पुसायला येत.

"सर, वाजवायचं न्हाई तर मला ह्ये करायला कशाला लावलासा?"

"वाजवली की प्रत उतरते, भाऊसो."

"व्हय की. आमच्या तालमीची फुटबॉल टीम बी औंदा मैदानात उतरवत न्हाई. अजिंक्य ऱ्हाईल."

दत्तोपंतांच्या पत्नी माई हसत चहा घेऊन आल्या. कप कानतुटका होता. लग्नात आलेला बोन चायनाचा सेट माळ्यावर खोक्यात, पाहुण्यांसाठी राखीव होता. चार वर्षे नियमित येत असल्याने भाऊसो त्या व्याख्येत बसत नव्हते.

त्र्याऐंशीव्या रेकॉर्डने अडचण केली. त्या रेकॉर्डमधली ट्रम्पेटची धून दत्तोपंतांनी नवव्या वर्षी शेजारच्या रेडिओवर एकदा ऐकली होती. शेवटचा सूर इतका वर गेला होता, की हातातली पाटी पडून फुटली होती. ती धून मोबाईलवर नव्हती. वाजवलेल्या प्रती कुणी जपल्या नव्हत्या. जगात दोनच ज्ञात होत्या, दोन्ही अखंडित. अकरा वर्षांच्या शोधानंतर त्यांतली एक दत्तोपंतांना मिळाली. त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टर पूर्णिमा यांनी आलेख पुढे ठेवला.

"सर, वरच्या पट्टीतले आवाज दिवाळीपर्यंत ऐकू येईनासे होतील. जे ऐकायचंय ते आत्ताच ऐका."

दत्तोपंतांनी नियमाप्रमाणे मंडळाकडे श्रवण-परवानगीचा अर्ज केला. सचिव उदयसिंह यांचे उत्तर आले : 'अर्जदारास ऐकू येते याचा पुरावा जोडावा.' दत्तोपंतांनी आलेख जोडला. उत्तर आले : 'आलेखानुसार अर्जदाराची श्रवणशक्ती क्षीण आहे. सबब ऐकण्याचे प्रयोजन दिसत नाही.' ट्रम्पेट अद्याप ऐकू येतो, असे त्यांनी कळवले. उत्तर आले : 'तसे असल्यास घाई नाही. विषय पुढील वार्षिक सभेपुढे ठेवण्यात येईल.'

त्यांनी फोन केला.

"गैरसमज नको, सर," उदयसिंह म्हणाले. "माझ्याकडे स्वतःच्या तीनशे आहेत. जाझवाचून मला दिवस जात नाही."

"ऐकता कुठे?"

"मोबाईलवर."

रविवारी दत्तोपंतांनी माईंकडून कात्री मागून घेतली. भाऊसोंनी यंत्र सुरू केले. दत्तोपंत चांगला कान पुढे करून बसले आणि त्यांनी वेष्टन कापले. आत पुठ्ठ्याची गोल चकती होती.

बराच वेळ यंत्र रिकामे फिरत राहिले. भाऊसोंनी चकती हातात घेऊन उजेडात धरली.

"भोक मातर बरोब्बर सेंटरला मारलंय."

तक्रारीवर मंडळाचा निर्णय तिसऱ्या दिवशी आला. 'वेष्टन उघडण्यापूर्वी सदर वस्तू रेकॉर्ड असल्याचे प्रमाणपत्र उपलब्ध आहे. उघडल्यानंतर ती पुठ्ठा असल्याचे अर्जदार स्वतः मान्य करतात. दरम्यान घडलेली एकमेव क्रिया म्हणजे उघडणे. सबब रेकॉर्डचा पुठ्ठा होण्यास अर्जदार जबाबदार आहेत.' सोबत निवेदन होते : जगातील दुसरी प्रत आता एकमेव ठरली असून तिची किंमत दुप्पट झाली आहे. मालक, श्री. उदयसिंह.

"दुसरीत तरी काय असंल कुणाला ठावं," भाऊसो म्हणाले. "सर, ह्या ब्याऐंशी उघडून बघूया की."

"नको."

"का ओ? अजून काय ऱ्हायलंय?"

दत्तोपंतांनी कपाटाकडे पाहिले. रेकॉर्ड आणि पुठ्ठा यांच्या वजनात निश्चित फरक असतो. माईंचा वजनकाटा ओट्यावर होता. वेष्टनाला कात्री न लावता, प्रत न उतरवता, अर्ध्या तासात निकाल लागला असता. हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. घनता हा विषय त्यांनी तेहतीस वर्षे शिकवला होता.

काटा ओट्यावरच राहिला.

"तुमचे सर म्हणजे कमाल!" माई म्हणाल्या, आणि कानतुटक्या कपातून चहा दिला. माळ्यावरचा सेट चोवीस नगांचा आहे, हे त्या सर्वांना सांगतात. खोक्यावर तसे छापलेले आहे.

दिवाळी झाली. भाऊसो अजून रविवारी येतात, सुई पुसतात आणि पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलतात. सुई न झिजण्याचे कारण आता सापडले आहे, म्हणून ते नोंदवतो : मालकाला निकाल नको आहे. तुमच्या माळ्यावरच्या खोक्यालाही हेच कारण लागू आहे.