आठ लॅपटॉप आणि राणीचे तीन गुण

आमच्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेतला पहिला सामना कोणीच खेळत नाही. तो मगदूमअण्णा खेळवतात. रामू विरुद्ध शामू. हे दोघे अस्तित्वात नाहीत. पण आठ टेबलांवरच्या आठही लॅपटॉपांत अण्णा त्यांचे गुण भरतात, आणि आठही ठिकाणी रामू सारख्याच गुणांनी जिंकेपर्यंत खऱ्या खेळाडूंना सोंगटीला हात लावू देत नाहीत.

अण्णा विजेच्या मीटर-तपासणीतून निवृत्त झाले. दोन मीटर सारखे चालतात का, हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली. आता हौसेने आमचे गुण बघतात. लॅपटॉप गल्लीतून गोळा करायचे काम सचिव म्हणून माझं. दातांच्या डॉक्टरांच्या लॅपटॉपवर पडदाभर किडकी दाढ होती. अण्णांनी ती काढून आठही पडदे निळे केले, घड्याळं सेकंदासकट जुळवली, एकाच पेनड्राइव्हवरून गुणांचा प्रोग्राम आठांत घातला. स्पर्धा संपल्यावर दाढ जागच्या जागी परत लावली. "दुसऱ्याची वस्तू हाय," म्हणाले.

त्यांच्यासमोर 'असंल' म्हणायची मात्र सोय नाही.

"पाच नंबरला सेटिंग तेच असंल, अण्णा."

"असंल म्हंजे? बघितलंयस?"

"न्हाई."

"मग जा. बघून ये. आन् 'हाय' म्हण."

मी पंचावन्न वर्षांचा आहे. मी मुकाट्याने जातो.

कारण गेल्या वर्षी काय झालं ते मला ठाऊक आहे. मुलींच्या सामन्यांच्या वेळी आठवा लॅपटॉप उशिरा आला, एका गुळाच्या व्यापाऱ्याचा. त्यात हाच प्रोग्राम आधीपासून होता. अण्णा चहा पीत होते. "त्यात बी तसंच असंल," असं ते स्वतः म्हणाले. व्यापाऱ्याच्या घरच्यांनी सुट्टीत खेळताना राणीचे पाच गुण लावून ठेवले होते. स्पर्धेत तीन असतात. त्या टेबलावर कागलची श्रुती खेळत होती. समोरच्या मुलीला दोन गुण फुकट मिळाले, तिचे पंचवीस भरले, सामना संपला. घोळ कळला तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती आणि श्रुती एसटीने घरी गेली होती.

अण्णा मला घेऊन कागलला गेले. माफी मागितली. तिचे वडील म्हणाले, "पावणं, खेळ हाय, सोडा की आता." श्रुती बाहेर आली नाही. आतून एवढंच ऐकू आलं, "मी न्हाई आता खेळत."

परतीच्या बसमध्ये मला फार वाईट वाटलं. तो चहा मीच दिला होता.

यंदा प्रवेशिका सुरू झाल्यापासून त्यांचा रोज एकच प्रश्न: "कागलची आली?" शेवटच्या दिवशी आली. त्या आठवड्यात रामू आणि शामू इतके खेळले की खरे असते तर आजारी पडले असते.

श्रुतीचा सामना पाच नंबरला लागला. अण्णा खांबाला टेकून उभे. प्रत्येक डावानंतर ती आधी बोटांवर मोजायची, मग पडद्याकडे बघायची. अण्णा तिच्या बोटांकडे बघायचे. तेवीस-पंचवीस झाले आणि ती हरली. तिने मोजलं. पडदा बघितला. परत मोजलं. समोरच्या मुलीशी हात मिळवला आणि अण्णांकडे आली.

"यंदा खरंच हरलो की, काका," ती म्हणाली, आणि चक्क हसली.

"व्हय," अण्णा म्हणाले. "खरंच हरलीस, बाळ." मग घाबरत घाबरत, "फुडच्या वर्षी येणार न्हवं?"

"येतो की."

हे ऐकून सत्तरीचे अण्णा सगळ्या हॉलसमोर हुंदके देऊन रडायला लागले, आणि हरलेल्या मुलीलाच त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.