हातावरचं मीठ

भांडणाचं मूळ मिठात होतं. सासू-सासरे जर्मनीत मुलाकडे, उंटरश्लाइसहाइमला उतरले, त्याच संध्याकाळी स्वरूपानं आमटीत घालायला प्रभाताईंच्या हातावर चिमूटभर मीठ ठेवलं. प्रभाताईंचा चेहराच उतरला.

"अगं, मीठ हातावर देतात का कधी? भांडण होतं!"

आणि झालंच की! दुसऱ्याच दिवशी सुनेनं राजाभाऊंचं ब्लडप्रेशर मोजलं आणि त्यांचं जेवण पार अळणी करून टाकलं. मग काय विचारता! "पुण्यातही डॉक्टर आहेत हो!" इथपासून "जन्मात असली आमटी पाहिली नाही" इथपर्यंत दोन महिने धुसफूस चालली. तेव्हापासून स्वरूपा मिठाची वाटी ओट्यावर ठेवायची, "आई, ठेवलंय" म्हणायची आणि बाजूला व्हायची. परवा परतीचं विमान होतं. सासूबाईंच्या तोंडून जाण्याआधी एक तरी चांगला शब्द निघावा, एवढीच बिचारीची इच्छा होती.

अशा घरातल्या माणसांना मिठाची खाण दाखवायची, ही कल्पना स्वरूपाच्या नवऱ्याची, कपिलची. तिकिटं त्यानंच काढली आणि ऐनवेळी त्यालाच मीटिंग लागली. नवरे असेच असतात. तेव्हा सासू, सासरे आणि सून असे तिघंच डोंगराच्या पोटात शिरले.

आत जाण्याआधी सगळ्यांना खाणकामगारांचे डगले मिळाले. प्रभाताईंनी तो साडीवरूनच चढवला. मिशाळ गाइडनं आधी सगळ्यांकडून एक शब्द घोकून घेतला. "ग्ल्युक आउफ!"

"म्हणजे काय गं?" राजाभाऊंनी विचारलं.

"बाबा, खाणीतला नमस्कार आहे तो. सुखरूप वर या, असा अर्थ."

राजाभाऊंनी त्यातलं 'सुखरूप वर' तेवढं लक्षात ठेवलं.

पुढे एका दालनात गाइड म्हणाला, "ही भिंत मिठाची आहे. हवं तर चाटून बघा." स्वरूपानं भाषांतर केलं आणि लगेच जीभ चावली. राजाभाऊंचे डोळे दोन महिन्यांत पहिल्यांदा चमकले.

"बाबा, तुम्ही नाही हं!"

"छे छे! मी कशाला?"

तिथून खाली जायला लांबलचक लाकडी घसरगुंडी होती. गाइड पुढे गेला, मागोमाग बाकीची पर्यटक मंडळी निघाली. प्रभाताई काठावरच अडून बसल्या, म्हणून स्वरूपानं त्यांना पुढ्यात घेतलं. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच," राजाभाऊ म्हणाले. "गजानना!" असं ओरडत प्रभाताई खाली पोचल्या.

राजाभाऊ मात्र आले नाहीत. ते वर, भिंतीच्या कोपऱ्यात, डोळे मिटून तल्लीन झाले होते. माणूस हलेना, तसे तिथले आपोआप चालणारे दिवे विझले. डोळे उघडले तरी अंधारच! घाबरलेल्या राजाभाऊंना जर्मनमधला एकच शब्द येत होता.

"ग्ल्युक आउफ!" वरून आवाज आला.

"ग्ल्युक आउफ!" खालच्या जर्मन मंडळींनी हसून उत्तर दिलं.

"ग्ल्युक आउफ! अहो, ग्ल्युक आउफ!"

किती उत्साही आजोबा! मंडळींनी आणखी जोरात प्रतिसाद दिला. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

"अगं, नमस्कार कसला, बोंब मारतायत ते!" प्रभाताईंचा आवाज रडवेला झाला. "स्वरूपा, काहीतरी कर गं!"

स्वरूपानं गाइडला एका वाक्यात सांगितलं आणि त्याची वाट न बघता शेजारच्या पायऱ्यांनी धावत सुटली. वर दिवे लागले. थोड्या वेळानं सासऱ्यांना पुढ्यात घट्ट धरून ती घसरत खाली आली. राजाभाऊंच्या मिशीवर पांढरी पूड होती. कुणी काही विचारायची गरजच नव्हती.

प्रभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी सुनेचा घामेजलेला चेहरा पदरानं पुसला.

"देवासारखी धावलीस गं. पोटची पोरसुद्धा इतकं करत नाही. तुझ्या त्या अळणी आमटीनंच यांचं प्रेशर ताळ्यावर आलं, ते मला केव्हाच कळलं होतं. पण माझं तोंड उघडेल तर शपथ!"

 स्वरूपाचे डोळे भरून आले.

निघताना गाइडनं प्रत्येकाला मिठाची एकेक पुडी दिली. प्रभाताईंच्या वाटची स्वरूपानं घेतली आणि सवयीनं बाकावर ठेवली. "आई, ठेवलंय."

"उचल ती. माझ्या हातावर दे."

"अहो आई, भांडण होईल ना!"

"होऊ दे! परवा आम्ही निघालो की तू ऑफिसात बुडून जाशील. भांडायला तरी फोन करशील."

स्वरूपानं पुडी त्यांच्या हातावर ठेवली आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

राजाभाऊंनी हळूच आपलाही तळवा पुढे केला. "मलापण द्या थोडं. आपलंही भांडण होऊ दे."

"अजिबात नाही!" सासू-सून एका सुरात म्हणाल्या.

"ग्ल्युक आउफ," राजाभाऊ केविलवाण्या आवाजात पुटपुटले.

दारातल्या गाइडनं टोपी उंचावली आणि मनापासून उत्तर दिलं, "ग्ल्युक आउफ!"