लिटरला सहा

"लिटरला सहा! सहा दिले नाहीत ना या ट्रकने, तर मिशी उतरवीन!"

भाऊने हे कारखान्याच्या दारात, चार सुतारांसमोर ठणकावून सांगितलं. ताईने ऑर्डरच्या कागदावरून मान वर न करता विचारलं, "आत्ता किती देतो?"

"साडेतीन," भाऊ पुटपुटला.

ट्रक अप्पांचा, म्हणजे या दोघांच्या वडिलांचा. याच ट्रकमधून घरोघरी कपाटं पोचवून त्यांनी हा फर्निचरचा कारखाना उभा केला. आता अप्पा एक्याऐंशीचे होते आणि ट्रकचीही हाडं वाजत होती. ताईने नवी गाडी बघून ठेवली होती. एसी, पुढे दोन सीटा, लिटरला चौदा.

"शनिवारच्या फेरीत सहा दिसले तर ट्रक राहील," ताईने अट घातली. " नाहीतर भंगारवाल्याला फोन!"

"अगं, अप्पांचा जीव आहे त्याच्यात!" भाऊने ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवला.

बाकड्यावर बसलेल्या अप्पांनी एवढंच विचारलं, "दोनच सीटा?" त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

भाऊ कामाला लागला. एअर फिल्टर धुतला, टायरांत हवा मारली, नोझल साफ करून घेतले. मग त्याच्या डोक्यात वजन शिरलं. स्टेपनी काढली, जॅक काढला, ओढायचा दोर काढला, डिझेलचा जादा कॅन काढला. शेवटी आरसा पुसायचं फडकंसुद्धा काढून त्याने बायकोच्या हातात दिलं. "आता तुम्हीही उतरणार का?" तिने विचारलं. भाऊने क्षणभर खरंच विचार केला!

शनिवारी सकाळी अप्पांची काठी बाहेर निघाली. टाकीचा काटा मेल्याला वीस वर्षं झाली होती, तेव्हापासून ही सागाची काठी टाकीत बुडवायची आणि ओली खूण वाचायची. अप्पांनी स्वतः चाकूने एक ते आठ आकडे कोरले होते, एका आकड्याला पाच लिटर. काठी सांगेल ते खरं, यावर घरात दुमत नव्हतं. काठीने सहा दाखवले. म्हणजे तीस लिटर.

साठ किलोमीटरवर कपाट पोचवायचं होतं. भाऊने पाय अलगद पडावा म्हणून चपला काढून गाडी चालवली. उतार दिसला की इंजिन बंद! मधे अप्पा, खिडकीशी ताई. सायकलवाले मागून येऊन सहानुभूतीने बघत पुढे जात होते.

पोचल्यावर भाऊ आणि ताई कपाट बसवायला वर गेले. कपाटासाठी आणलेली करवत खालीच राहिली आणि अप्पा ट्रकपाशी राखण करत थांबले. दोघं खाली आली तेव्हा भाऊने काठी बुडवली.

चार!

"साठ किलोमीटर, दहा लिटर! सहा! बरोब्बर सहा!" भाऊ भर रस्त्यात अनवाणी नाचला. ताईने काठी निरखली, पण काठीवर शंका कशी घ्यायची? "बरं बाबा, जिंकलास," ती म्हणाली. अप्पा छातीवरचा खिसा धरून केबिनमध्ये चढले.

परतताना घर दोन किलोमीटरवर आलं आणि ट्रक खोकला. मग उचकला. मग कायमचा शांत झाला.

"अशक्य! दहा लिटर आहेत अजून!" भाऊने काठी टाकीत घातली. ती कोरडीठाक बाहेर आली. ताईने ती हातात घेऊन खालपासून वर पाहिली.

"भाऊ, ही काठी दोनपासून सुरू होतेय. म्हणजे पाच लिटर जास्तीचे दाखवत होती! एक कुठे गेला?"

दोघांनी केबिनकडे पाहिलं. अप्पांनी हळूच खिशातून सागाचा तुकडा काढला. त्यावर एक कोरलेला होता.

"अप्पा, तुम्ही? ट्रकसाठी?" भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ट्रकचं काय घेऊन बसलास!" अप्पा चिडले. "मेला दर खड्ड्याला कंबर मोडतो. कधीच भंगारात जायला हवा होता! पण तुमच्या नव्या गाडीत दोनच सीटा. आठवड्यातून एकदा तुम्हा दोघांच्या मधे बसून बाहेर पडतो मी. मग मला कुठे बसवणार होतात? कपाटात?"

ताईने पदराने डोळे टिपले आणि मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "समोर उतार आहे, खाली पंप आहे. अप्पा, स्टिअरिंग धरा. भाऊ, गाडी हलकी केलीयस ना? ढकल आता!"

भाऊने अनवाणी पायांनी ढकलला. ताईनेही ढकलला. अप्पा हॉर्न वाजवत ऐटीत पंपावर पोचले.

"अर्धा किलोमीटर आणि डिझेल शून्य," ताई धापा टाकत म्हणाली. "आजवरचं सगळ्यात भारी ॲव्हरेज! सोमवारी तीन सीटांची गाडी बघायला जाऊ. तिघंही."

"खिडकी माझी!" अप्पा म्हणाले. मग त्यांनी भाऊकडे नीट पाहिलं. "आणि मिशीचं काय?"

रविवारी न्हाव्याने कात्री उचलून विचारलं, "किती कमी करू?"

"सगळीच काढ," भाऊ म्हणाला. "तेवढंच वजन उतरायचं राहिलंय."