गोरो-सान निघाल्याशिवाय

यंत्र आलं की माणसाचे कष्ट कमी होतात, हे आता सर्वमान्य झालं आहे. कोणते कष्ट, हे मात्र ज्याच्या त्याच्या कारखान्याने ठरवायचं असतं.

नागोयाजवळच्या एका बिजागऱ्यांच्या कारखान्याने, कामगारांनी वेळेवर घरी जावं या उदात्त हेतूने, एक यंत्रहात बसवला. नाव गोरो-सान. रीतीप्रमाणे त्यांना टोपी मिळाली, स्वागताची बिअर झाली (त्यांच्या वाटची मॅनेजर तोगावासाहेबांनी घेतली), सकाळच्या कवायतीत पहिल्या रांगेत जागाही मिळाली. घोळ एवढाच, की गोरो-सान नवे नव्हते. उभी हयात मुख्य कारखान्यात काढून आले होते. म्हणजे सगळ्यांत ज्येष्ठ. आणि ज्येष्ठ कामात असताना धाकट्याने पिशवी उचलायची, असला आचरटपणा तिथे कुणी करत नाही. गोरो-सान तर दमतच नसत.

मुकादम सेरिझावा मेटाकुटीला आला. मुलीचा, मिदोरीचा, होणारा नवरा दोनदा जेवून गेला. दोन्ही वेळा सासरेबुवा गैरहजर. शुक्रवारी तो पुन्हा येणार होता. बायकोने बजावलं, "या वेळी नाही आलात, तर लग्नात तुमच्या खुर्चीवर गोरो-सानांनाच बसवते."

सेरिझावाने भीतभीत साहेबांना विचारलं, "गोरो-सानांना पाच वाजता बंद केलं तर?"

तोगावासाहेबांनी दातांतून हवा आत ओढली. (म्हणजे नाही.) "ज्येष्ठांना घरी जा म्हणून कोण सांगणार? तुम्ही सांगता?"

"छे हो. माझी काय प्राज्ञा!"

समिती नेमली गेली. तिला आढळलं, की पाचनंतर कामगार थोडा वेळ कागद सारखे करतात, मोजलेले स्क्रू पुन्हा मोजतात आणि उरलेला सगळा वेळ वाट पाहतात. म्हणजे कारखान्यातलं सगळ्यांत जिकिरीचं काम अजून माणसंच करत होती! ताबडतोब प्रत्येक खुर्चीसाठी वाट पाहण्याचं यंत्र मागवलं. ते टोपी घालून बसतं आणि अधूनमधून मान हलवतं. (सुस्कारा टाकायची सोय फक्त मुकादमांच्या यंत्राला.)

शुक्रवारी सेरिझावा उजेडी घरी पोचला. कुत्रं परका समजून अंगावर आलं. पण शेगडीवर सुकियाकी रटरटत होती, आणि त्याला अगदी भरून आलं.

जेवायच्या वेळेला जावयाचा फोन आला. "माफ करा, बाबा. आमच्याकडेही नवीन यंत्र आलंय. माझ्याहून ज्येष्ठ आहेत. अजून कामात आहेत, मी कसा निघू?"

मिदोरी रडकुंडीला आली.

"रडतेस काय? पोरगा वळणाचा आहे," सेरिझावा म्हणाला. "लग्न पक्कं समज."

मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. असा जावई, आणि सासरा इथे हादडतोय! बूट चढवून तो कारखान्यात परतला. खुर्चीवर यंत्र होतं, म्हणून मागे उभा राहून वाट पाहू लागला.

जपानी माणसं अशीच विचित्र. आपल्याकडे सहा वाजले की माणूस सरळ घरी. तुम्हीही हे वाचून झालं की निघालच. फक्त साहेबांच्या केबिनमधला दिवा तेवढा एकदा बघून घ्या.