आप्पांचा कान

आप्पा चौगुले सकाळी कारखान्यात आले की चहाच्याही आधी फोन उचलतात, कुणाचाच नंबर न लावता मिनिटभर नुसता डायलटोन ऐकतात आणि रिसीव्हर पुसून खाली ठेवतात. ‘तब्येत बरी हाय’ म्हणाले की आमचा दिवस सुरू. तब्येत कुणाची, तर टेलिफोन एक्स्चेंजची. कपाटाएवढं ते जुनं धूड कराडच्या आमच्या कारखान्यात आप्पांनी तीस वर्षं सांभाळलंय. तसंच दुसरं आमच्या जतच्या युनिटमध्ये आहे.

दोन्हींना जोडणारी जुनी लाइन फोन कंपनीनं बंद केली. आता काय ते इंटरनेटवरून न्या, म्हणाले. मी कॉम्प्युटर विभागात, त्यामुळे हे लचांड माझ्या गळ्यात. मॅनेजरांनी बजावलं होतं: दोन्हीकडे एक्स्चेंज इंटरनेटला जोडणारा एकेक डबा बसवा, महिनाभर लाइन नीट चालली तर ठीक, नाहीतर दोन्ही एक्स्चेंज भंगारात आणि सगळ्यांना मोबाइल. मला विचाराल तर मोबाइलच बरे होते. हे आप्पांना बोलून दाखवलं, तर त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

डबे बसले. बोलणं स्वच्छ ऐकू येई, पण मधूनच ‘टक्’ व्हायचं आणि कधीकधी लाइनच तुटायची. मी इंटरनेटवाल्यांना शिव्या घातल्या, केबली बदलल्या. आप्पा मात्र कानाला रिसीव्हर लावून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत अख्खी दुपार बसले. मग मला बोलावून म्हणाले, टक् ठरल्या वेळानं येतोय, म्हणजे केबलचा दोष न्हाई.

“तू दोघांस्नी बी म्होरं चालायला लावलंयस, गड्या. एकानं ताल द्यायचा, दुसऱ्यानं धरायचा.”

बघतो तर खरंच. दोन्ही डबे मी त्यांच्या आतल्या आपापल्या घड्याळावर सोडले होते. दोन घड्याळांतला केसाएवढा फरक साठत जायचा आणि लाइन ठेचकाळायची. पदवी माझी, कान आप्पांचे. मुकाट्यानं जतची एसटी धरली.

जतला टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर मल्लाप्पा होते. फोनवर ऐकलेल्या आवाजावरून त्यांनी मला ओळखलं आणि चाचपडत खुर्ची पुढे केली. त्यांना दिसत नाही हे मला तेव्हा कळलं. बोटं मात्र बटणांवर सरसर चालत होती. त्यांनीच सांगितलं, नजर गेली तेव्हा आप्पा दर रविवारी कराडहून यायचे, त्यांचं बोट धरून एकेक बटण शिकवायचे.

“सा म्हैने आले, साहेब. म्हणून नोकरी ऱ्हायली. ह्यो बोर्ड गेला तर मी हितं बसून काय करू?”

जतचा डबा कराडच्या तालावर लावला आणि तासभर ऐकत बसलो. टक् थांबला होता.

परत आल्यावर मी आप्पांवर चिडलोच. हे आधी का सांगितलं नाही? मॅनेजर काही दगडाचे नाहीत.

“सांगितलं असतं तर कीव करून ठेवला असता त्याला,” आप्पा म्हणाले. “त्यो काम करतोय, म्हणून कामावर ऱ्हायला पायजे.”

मला फार लाज वाटली. महिना भरल्यावर मॅनेजरांना अहवाल दिला, त्यात मल्लाप्पांबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही. ताल लावल्यापासून लाइन एकदाही तुटली नाही, एवढंच लिहिलं.